प्रदूषणाचा दर ठरवणाऱ्यांना खुलं पत्र: तो एक रिकामा रकाना

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका कार्यालयाला लिहिलेलं नाही. नदीत, तळ्यात, समुद्रात किंवा हवेत घाण सोडणाऱ्याकडून किती शुल्क घ्यायचं, उत्सर्जनाचे किती परवाने काढायचे, मर्यादा कुठे आखायची, हे ज्यांच्या सहीने ठरतं त्या सगळ्यांना ते आहे. तुमच्या अहवालांचा मी नेमाने वाचक आहे. प्रस्तावना चाळतो आणि थेट परिशिष्टांवर जातो, कारण खरा निर्णय तिथल्या कोष्टकांत झालेला असतो. पुढची पानं तो फक्त सभ्य भाषेत सांगतात.

या कोष्टकांत एक ओळ हमखास सापडते. पाणी शुद्ध करण्याचा वाढीव खर्च, आजारपण, मासळीची घट, शेतीचं नुकसान, या सगळ्यांसमोर आकडे असतात. मग येतं ‘मनोरंजन व विहार’, आणि त्याच्यासमोर आडवी रेघ. तळटीप सांगते की हे लाभ अमूर्त असल्याने मोजलेले नाहीत. इथपर्यंत ठीक. पण खाली बेरीज होते तेव्हा त्या रेघेच्या जागी शून्य धरलं जातं आणि त्या बेरजेवरून दर निघतो. जे मोजलं नाही ते नव्हतंच, असं गृहीत धरून सगळा हिशेब पुढे सरकतो. माझी तक्रार एवढीच आहे. पण तिच्यामुळे दर किती चुकतो हे आकड्यांत बघितल्याशिवाय कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एक तळं घ्या, कुठलंही. काठावर यायला तिकीट नाही. लोक पोहायला येतात, गळ टाकून बसतात, पोरांना घेऊन नुसते फिरतात. आसपासच्या वस्तीचे अंतरानुसार तीन पट्टे पाडा आणि सोयीसाठी प्रत्येकात हजार माणसं धरा. जवळच्या पट्ट्यातून येण्याजाण्याचा एका फेरीचा खर्च, वेळेची किंमत धरून, १०, मधल्यातून २०, लांबच्यातून ४०. चलन कुठलंही समजा. वर्षभर मोजणी केली तर जवळून ४०० फेऱ्या होतात, मधून ३००, लांबून १००. आकडे मुद्दाम सरळ घेतले आहेत: खर्च १० ने वाढला की हजार माणसांमागे १०० फेऱ्या कमी होतात आणि ५० ला कुणीच येत नाही. ही झाली त्या तळ्याची मागणी-रेषा. जवळच्या माणसाला फेरी १० ला पडते, पण त्या पट्ट्यात असेही लोक आहेत की ४५ पडले असते तरी ते आले असते. वरचा फरक त्यांच्याच पदरात राहतो. पाठ्यपुस्तकात याला उपभोक्त्याचं संतोषाधिक्य म्हणतात. ते काढायचं म्हणजे त्रिकोणाचं क्षेत्रफळ काढायचं, बस्स. जवळचा पट्टा: उंची ४०, पाया ४००, गुणाकाराचं निम्मं ८,०००. मधल्याचे ४,५००, लांबच्याचे ५००. एकूण १३,०००.

आता वरच्या अंगाला एक कारखाना येतो आणि त्याचा नाला तळ्यात उतरतो. पाण्यात नत्र आणि स्फुरद वाढतं, उन्हाळ्यात शेवाळाचा हिरवा थर धरतो, काठाला वास मारू लागतो. लोक येणं थांबत नाही, हौस उतरते. समजा, आता खर्च ३० झाला की कुणी येत नाही. जवळून २०० फेऱ्या, मधून १००, लांबून शून्य. त्रिकोण पुन्हा मांडा: २,०००, ५०० आणि शून्य, म्हणजे २,५००. वर्षाचं नुकसान १०,५००.

हे तुमच्या कोष्टकात कुठे दिसेल? तिकीट नव्हतंच, वसुली आधीही शून्य, आताही शून्य. आजारपण वाढलेलं नाही, कारण लोक पाण्यात उतरेनासे झाले. (माणसं स्वतःला जपतात आणि त्या शहाणपणामुळे आरोग्याच्या रकान्यातला आकडाही खाली येतो. कारखान्याला दोन्हीकडून सूट.) मासळीची घट समजा २,००० आहे आणि सांडपाण्यावर प्रक्रिया करायला वर्षाला ६,००० लागतात. अहवाल म्हणणार, २,००० वाचवायला ६,००० कशाला घालवायचे? मग शुल्क असं बसतं की प्रक्रिया करण्यापेक्षा ते भरून मोकळं होणं कारखान्याला परवडतं. खरं नुकसान १२,५०० आहे, प्रक्रियेच्या खर्चाच्या दुपटीहून जास्त. गणितात कुठेही चूक नाही, तरी उत्तर उलटं आलं.

याच उदाहरणात आणखी एक गोष्ट दडली आहे आणि ती तुमच्या सर्वेक्षण करणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे. १०,५०० पैकी जे यायचे थांबले त्यांचं नुकसान ४,५०० भरतं. उरलेले ६,००० गेले ते अजूनही येणाऱ्यांचे. ते येतात, पण प्रत्येक फेरीतलं २० एककांचं सुख कमी झालंय. म्हणजे घटलेली डोकी मोजून भागत नाही. आणि काठावर उभं राहून, आलेल्यांनाच प्रश्नावली देऊनही भागत नाही, कारण ज्यांना सगळ्यात जास्त खटकलं ते त्या दिवशी काठावर नसतातच. ‘भेट देणाऱ्यांपैकी बहुतेक समाधानी’ असा निष्कर्ष घाण पाण्याच्या काठीही निघू शकतो. असमाधानी मंडळी केव्हाच दुसरीकडे जायला लागलेली असतात.

ही पट्ट्यांची युक्ती माझी नाही आणि नवीही नाही. १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान सेवेने काही अर्थशास्त्रज्ञांना विचारलं होतं की उद्यानांची किंमत आकड्यात कशी मांडावी. हॅरोल्ड हॉटेलिंग यांनी सेवेच्या संचालकांना उत्तरादाखल एक पत्र धाडलं: उद्यानाभोवती असे समकेंद्री पट्टे आखा की एका पट्ट्यातल्या सगळ्यांचा प्रवासखर्च साधारण सारखा असेल, मग कुठून किती लोक येतात ते बघा, प्रवासखर्च हीच तिथली किंमत समजा आणि मागणी-रेषा मिळवा. सेवेने ते फारसं मनावर घेतलं नाही. दहाएक वर्षांनी, १९५८-५९ च्या सुमारास, मॅरियन क्लॉसन आणि इतर काहींनी ती कल्पना प्रत्यक्ष आकड्यांवर चालवून दाखवली. तेव्हापासून प्रवासखर्च पद्धत पाठ्यपुस्तकांत आहे. आज ती बरीच सुधारलेली आहे; पट्ट्यांऐवजी एकेका माणसाने उपलब्ध जागांपैकी कोणती निवडली यावरून हिशेब बांधतात. ज्या निवड-प्रारूपांवर हे चालतं, त्यांच्यासाठी डॅनियल मॅकफॅडन यांना २००० साली नोबेल मिळालं. म्हणजे ‘मोजायची पद्धत नाही’ ही तळटीप निदान सत्तर वर्षं जुनी झाली आहे.

मध्येच एक इशारा, कारण काही अहवाल रिकामा रकाना भरायला जातात आणि भलतंच भरून येतात. ते पर्यटनाची उलाढाल लिहितात: लोकांनी इंधनावर, मुक्कामावर, खाण्यावर अमुक इतके खर्च केले, सबब तळ्याची किंमत तेवढी. हे साफ चूक आहे. खर्च म्हणजे त्या सुखासाठी मोजलेले पैसे, ते वजा बाजूचे. तळ्याची किंमत म्हणजे खर्च वजा जाता जे उरतं ते. उलाढालीच्या हिशेबात पायी येऊन रोज पोहणाऱ्याचं तळं जवळपास फुकट ठरतं आणि वर्षातून एकदा लांबून गाडी घेऊन येणाऱ्याचं मौल्यवान. वरच्या उदाहरणात बघा, सगळ्यात जास्त संतोषाधिक्य जवळच्या पट्ट्यातच आहे. उलाढालीचा आकडा मोठा दिसतो, वर्तमानपत्रात छान दिसतो, आणि म्हणूनच तो वापरायचा मोह होतो. त्यापेक्षा रकाना रिकामा ठेवलेला बरा.

आता मला सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट. विहाराचं मूल्य मोजता येत नाही असं म्हणणाऱ्या याच जगात, अपघात झाला की तेच मूल्य दिवसागणिक मोजलं जातं आणि वसूलही होतं.

फेब्रुवारी १९९० मध्ये कॅलिफोर्नियातल्या हंटिंग्टन बीचजवळ ‘अमेरिकन ट्रेडर’ हे तेलवाहू जहाज स्वतःच्याच नांगरावर आपटलं आणि तेल किनाऱ्याला लागलं. किनारे काही आठवडे बंद राहिले. प्रश्न न्यायालयात गेला: ज्यांना समुद्रावर जाता आलं नाही त्यांचं नुकसान किती? वाळूवर बसायला तिकीट नव्हतं, म्हणजे तुमच्या कोष्टकाप्रमाणे शून्य. दोन्ही बाजूंचे अर्थतज्ज्ञ उभे राहिले. किती लोक आले असते, किती जण दुसऱ्या किनाऱ्यावर गेले, एका दिवसाचं मूल्य काय, यावर कीस पाडला गेला. सरकारपक्षाने किनाऱ्यावरच्या एका दिवसाचं मूल्य १३.१९ डॉलर मांडलं होतं. १९९७ मध्ये ज्यूरीने दंड धरून सुमारे १.८ कोटी डॉलर द्यायला लावले, त्यातला मोठा वाटा हुकलेल्या विहाराचा होता.

२०१० मध्ये मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तेलविहीर खोदणाऱ्या मंचावर स्फोट झाला आणि तेल समुद्रात पसरलं. तिथल्या विश्वस्त यंत्रणांनी, म्हणजे जनतेच्या वतीने नुकसान मोजणाऱ्या सरकारी खात्यांनी, नौकाविहार, मासेमारी आणि किनाऱ्यावरचं फिरणं मिळून हुकलेले दिवस १.६ कोटींहून अधिक काढले आणि त्या नुकसानीचा आकडा सुमारे ६९.३ कोटी डॉलर ठरवला. खालची-वरची मर्यादा देऊन, पद्धत उघड करून.

म्हणजे तेल एका रात्रीत सांडलं तर पोहणाऱ्याचा दिवस डॉलर-सेंटमध्ये मोजायचा, आणि तीच घाण रोज थोडी थोडी, परवाना घेऊन, नाल्यातून आली तर तो अमूर्त म्हणायचा. पाण्याला हा फरक कळत नाही. फरक एवढाच की अपघातात समोर एक प्रतिवादी असतो, त्याचा वकील असतो, आणि वकील समोर असला की आकडा काढावाच लागतो. रोजच्या प्रदूषणाचा दर ठरवताना समोर कुणी उभंच नसतं. पोहणारे, गळ टाकणारे, फिरायला येणारे यांची संघटना नसते. तुमच्या सुनावणीला उद्योगांचे प्रतिनिधी प्रक्रियाखर्चाचे तक्ते घेऊन येतात, दुसऱ्या बाजूची खुर्ची रिकामी असते.

तुम्ही म्हणाल, आम्हाला नुकसान मोजायची गरजच नाही. युक्तिवाद जुना आणि वजनदार आहे, म्हणून त्याला नीट उत्तर देतो. अर्थशास्त्रज्ञ आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये मांडलं की घाण करणाऱ्यावर त्याने इतरांचं जेवढं नुकसान केलं तेवढा कर बसवावा. दर शेवटच्या एककाच्या नुकसानीइतका. कागदावर हे निर्दोष आहे, पण ते नुकसान मोजणं अवघड. म्हणून विल्यम बॉमोल आणि वॉलेस ओट्स यांनी १९७१ मध्ये व्यवहारी वाट काढली: पाण्याच्या गुणवत्तेची एक पातळी ठरवा आणि शुल्क तेवढं ठेवा की ती गाठली जाईल. नुकसानीचा आकडा लागत नाही, आणि सगळ्यांवर एकच दर असल्याने ज्याला घाण कमी करणं स्वस्त पडतं तो जास्त कमी करतो, म्हणून एकूण खर्चही कमीत कमी. मला ही पद्धत आवडते. पण पातळी कुणी ठरवली? कशावरून? ती ठरवताना कुणीतरी ‘एवढं पुरे’ म्हणालंच असेल, आणि ते म्हणताना पोहणाऱ्याला जमेस धरलं असेल किंवा नसेल. नुकसान मोजायचं टाळलं तर ते मागच्या दाराने पातळीत शिरतं, फक्त आता कुणाला दिसत नाही.

अमेरिकेच्या १९७२ च्या स्वच्छ पाणी कायद्याने निदान ते उघडपणे लिहिलं. १९८३ पर्यंत शक्य तिथे पाणी माशांना जगता येईल आणि माणसाला त्यात उतरता येईल असं असावं, हे त्याचं अंतरिम उद्दिष्ट होतं. मुदत पाळली गेली नाही, तो भाग वेगळा. पण उद्दिष्टाची भाषा विहाराची होती, मिलिग्रॅमची नव्हती. पुढे अर्थशास्त्रज्ञांनी त्यावरून एक शिडीच केली: पहिली पायरी नौका चालवण्याजोगं पाणी, दुसरी मासे धरण्याजोगं, तिसरी पोहण्याजोगं. लोकांना मिलिग्रॅम समजत नाहीत, पायऱ्या समजतात.

आणि पायऱ्या म्हटल्या की दर ठरवायचं सगळं गणित बदलतं. नुकसान सरळ रेषेत वाढत असेल तर दर एककाला अमुक शुल्क हे सोपं आणि चांगलं हत्यार आहे. पण विहाराचं नुकसान बऱ्याचदा तसं वाढत नाही. पाणी थोडं गढूळ झालं तर लोक कुरकुर करतात. जंतूंची संख्या एका रेषेपलीकडे गेली की पोहणं बंद, एका दिवसात. रेषेच्या अलीकडे पलीकडे शंभर किलो घाणीने काही बिघडत नाही, नेमकं रेषेवर दहा किलोंनी सगळं बिघडतं. मार्टिन वाइट्झमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं की नुकसानीची सीमांत रेषा (घाणीच्या प्रत्येक वाढीव एककाने किती जादा नुकसान होतं ती) खर्चाच्या सीमांत रेषेपेक्षा (एकेक एकक कमी करायला किती जादा खर्च येतो ती) जास्त चढी असेल, आणि खर्चाचा अंदाज अनिश्चित असेल, तर किंमत बांधण्यापेक्षा प्रमाण बांधलेलं बरं. पोहण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला हेच लागू पडतं. तिथे शुल्कावर भिस्त ठेवू नका, कारण शुल्काचा अंदाज थोडा चुकला की उन्हाळा गेला. तिथे प्रमाणाची मर्यादा घाला, आणि हवं तर त्या मर्यादेत परवान्यांची खरेदी-विक्री होऊ द्या.

परवान्यांच्या बाजाराबद्दल मला आकस नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने वीजकेंद्रांच्या सल्फर डायऑक्साइडवर मर्यादा आली, १९९५ पासून परवान्यांचा व्यवहार सुरू झाला, आणि उत्सर्जन अपेक्षेपेक्षा स्वस्तात उतरलं. सुरतेत २०१९ पासून धूलिकणांसाठी असा बाजार चालवून पाहिला, तिथेही सहभागी कारखान्यांचं उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी कमी झालं. पण हवेतला टन वाऱ्याने दूरवर पसरतो. पाण्यातला टन जिथे सोडला तिथून खाली वाहत जातो. दोन कारखान्यांनी आपसात परवाना विकला आणि एकूण घाण तेवढीच राहिली, तरी ती पोहण्याच्या घाटाच्या खालून वर सरकली असेल तर तुम्ही शून्य वाढीत मोठं नुकसान केलंत. व्यवहाराला परवानगी देताना वरच्या अंगाच्या एका किलोला खालच्या अंगाचे किती किलो, असं गुणोत्तर ठरवा. ते काढायला विहार कुठे होतो याचा नकाशा लागतो, म्हणजे पुन्हा तोच रिकामा रकाना.

दर कमीच ठेवले जातात, हेही आपल्याला माहीत आहे. जास्त ठेवले तर कारखाने बाहेर जातील ही भीती खरी असते. स्वीडनने १९९२ मध्ये यावर एक तोड काढली. मोठ्या भट्ट्यांच्या नायट्रोजन ऑक्साइडवर किलोला ४० क्रोनर असं चांगलं जबर शुल्क बसवलं आणि जमा झालेली रक्कम त्याच कारखान्यांना, प्रत्येकाने किती ऊर्जा निर्माण केली त्या प्रमाणात, परत वाटली. घाण जास्त आणि ऊर्जा कमी तो घाट्यात, उलट तो फायद्यात. उद्योगांचा एकत्रित विरोध फुटला, कारण निम्म्यांना पैसे मिळायचे. तिजोरीला काही मिळालं नाही, आणि माझ्या मते ते बरंच झालं. शुल्काचा महसूल तिजोरीच्या अंगवळणी पडला की घाण कमी होणं कुणालाच परवडत नाही.

मोजणीच्या मर्यादा माझ्यापासून लपलेल्या नाहीत. शेजारीच दुसरं चांगलं तळं असेल तर एक तळं खराब झाल्याचं नुकसान बरंच कमी असतं. त्रिकोण काढताना हे विसरलं तर आकडा फुगतो. वेळेची किंमत मजुरीच्या एक तृतीयांश धरायची रीत पडली आहे, तिला भक्कम आधार नाही, आणि तिच्यामुळे कमी कमावणाऱ्याचा रविवार स्वस्त ठरतो. माझं मत: सार्वजनिक पाण्याच्या हिशेबात सगळ्यांच्या तासाला एकच किंमत धरा आणि तसं स्पष्ट लिहा. शास्त्र थोडं कमी होईल, अन्याय बराच कमी होईल.

जे कधीच तळ्यावर जात नाहीत पण ते चांगलं असावं असं ज्यांना वाटतं, त्यांचं काय, हा प्रश्न त्याहून अवघड. तिथे प्रवासखर्च मुका आहे. लोकांना थेट विचारावं लागतं. मार्च १९८९ मध्ये ‘एक्सॉन वाल्डीझ’ हे तेलवाहू जहाज अलास्कात खडकावर आदळलं तेव्हा राज्याच्या वतीने अमेरिकेतल्या कुटुंबांना विचारून केलेल्या अभ्यासात हे नुकसान २८० कोटी डॉलर निघालं. दिवाणी तडजोड ९० कोटींवर झाली. त्यावरून एवढं रण माजलं की केनेथ अ‍ॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेल विजेत्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. १९९३ मध्ये तिने सांगितलं की काटेकोर अटी पाळल्या तर अशा उत्तरांवरून चर्चेची सुरुवात करता येते. मी त्याहून पुढे जात नाही. न जाणाऱ्यांचं मूल्य वेगळ्या ओळीत, वेगळ्या शाईत दाखवा आणि दर ठरवताना जाणाऱ्यांचंच धरा. तेवढ्यानेही आजचे बहुतेक दर वर सरकतील.

पाणी स्वच्छ झालं की जवळच्या घरांच्या किमती किती वाढतात, एवढं मोजून काम भागेल असंही काहींना वाटतं. डेव्हिड कायझर आणि जोसेफ शापिरो यांनी २०१९ मध्ये दाखवलं की अमेरिकेत सांडपाणी प्रकल्पांच्या अनुदानांमुळे जवळच्या घरांच्या किमती वाढल्या खऱ्या, पण ती वाढ अनुदानाच्या खर्चाच्या साधारण पाव भाग होती. यावरून स्वच्छ पाणी परवडत नाही असं म्हणणाऱ्यांनी एवढं पाहावं की लांबून येणाऱ्याचा दिवस घराच्या किमतीत पूर्णपणे उतरत नाही.

आणि कृपा करून, मूल्य कळलं म्हणून दारात तिकीटखिडकी उघडू नका. हे हमखास होतं: अहवालात तळ्याची किंमत १३,००० निघाली की कुणीतरी विचारतं, मग त्यातले निम्मे वसूल का करू नयेत? याच हॉटेलिंग यांनी १९३८ मध्ये पुलाच्या टोलबद्दल सांगितलं होतं की मोकळ्या पुलावरून आणखी एक माणूस गेल्याने कुणाचं काही जात नसेल तर त्याला अडवणारा टोल हा निव्वळ तोटा आहे. मोकळ्या काठालाही तेच लागू. गर्दीने गवत तुडवलं जात असेल, रांगा लागत असतील, तर त्या दिवसापुरतं शुल्क समजू शकतो. एरवी पैसे भरायचे ते नाला सोडणाऱ्याने. ओईसीडी या प्रामुख्याने श्रीमंत देशांच्या आर्थिक संघटनेने १९७२ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्याने भरावे’ हे तत्त्व स्वीकारलं ते यासाठीच; पोहणाऱ्याने भरावं असं त्यात कुठेही नाही.

खर्चाची सबबही आता फार टिकत नाही. इंग्लंडसाठी एक्सेटर विद्यापीठाने ‘ओआरव्हॅल’ नावाचा नकाशा करून ठेवला आहे. कुठल्याही मोकळ्या जागेवर बोट ठेवलं की वर्षाच्या अंदाजे भेटी आणि त्यांचं मूल्य दिसतं, जागा बंद झाली तर किती घटेल तेही. त्यामागे घरोघरी केलेलं मोठं सर्वेक्षण आहे, काठावरचं नाही. त्यात न जाणारेही आले. एकदा असा पाया घातला की प्रत्येक नाल्यासाठी नवा अभ्यास नेमावा लागत नाही.

तेव्हा मागणं असं. दर ठरवायच्या आधी त्या पाण्यावर कोण, कुठून, किती वेळा येतं याची घरोघरी पाहणी करा, आणि यायचं कुणी व का सोडलं हा प्रश्न तीत पहिल्या पानावर ठेवा. पोहण्याच्या, नौकांच्या, मासेमारीच्या जागा नकाशावर आखून त्यांच्या वरच्या अंगाला शुल्काऐवजी मर्यादा लावा. सुनावणीत तळ्यावर येणाऱ्यांच्या वतीने बोलायला एक अर्थतज्ज्ञ तुमच्याच खर्चाने नेमा, जसा अपघातानंतर न्यायालयात उभा राहतो तसा. आणि पुढचा दर जाहीर कराल तेव्हा ‘मनोरंजन व विहार’ या ओळीसमोर रेघेऐवजी दोन आकडे असू द्या, एक खालचा आणि एक वरचा, हिशेबासकट. ते मला पटले नाहीत तर हरकतींच्या मुदतीत लेखी कळवीनच.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक नागरिक